टॅगवर ऑफर, बिलात नाही – आमच्या इथल्या सुपरमार्केटचा चार महिन्यांचा अनुभव

नाशिकला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जे मोठं सुपरमार्केट आहे तिथे आम्ही तीन वर्षं महिन्याचा किराणा भरतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की भांडण त्या नावावरच सुरू होतं आणि मुद्दा राहतो बाजूला. दुकान म्हणून चांगलंय हे आधी सांगते. तूरडाळ, पोहे, शेंगदाणे स्वच्छ असतात, तारखा उलटलेला माल मला एकदाही मिळालेला नाही, आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा महिन्याला चार-पाचशे रुपये तरी कमी लागतात. तक्रार एकच आहे, ऑफरची, म्हणजे रॅकवर लिहिलेली ऑफर बिलात लागतेच असं नाही.

सुरुवात झाली दिवाळीच्या आधी. फराळासाठी तूप घ्यायचं होतं, एक लिटरचा डबा, एमआरपी ६७५, खाली पिवळा टॅग ५४९ चा. दोन डबे घ्यायचा मोह झाला होता पण एकच घेतला. काउंटरला ही गर्दी, मागे लोक ट्रॉली ढकलतायत, मी कार्ड दिलं, बिल पिशवीत टाकलं आणि घरी आले. आमच्या सासूबाईंना जुनी सवय आहे, वाण्याकडून सामान आलं की यादी घेऊन बसायचं आणि एकेक वस्तूसमोर पेन्सिलीने टिक मारायची, आता वाण्याची यादी नाही तर हे छापील बिल घेतात. त्या म्हणाल्या, "अगं, तूप साडेपाचशेला मिळालं म्हणालीस ना, इथे तर सहाशे दहा लावलेत." बघितलं तर खरंच ६१०. आणि कमाल म्हणजे बिलाच्या खाली ठळक अक्षरात "आपली बचत" म्हणून जो आकडा असतो त्यात ह्या तुपाचे ६५ रुपये धरलेले, कारण तो आकडा एमआरपीमधून वजा करून काढलेला असतो. म्हणजे माझे ६१ रुपये जास्त गेले होते आणि बिल मला सांगत होतं की तुम्ही ६५ वाचवलेत!

मला खरं हेच सगळ्यांना सांगायचंय. एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त लावला तर आपण लगेच बोलतो, कारण आकडा पाकिटावर छापलेला असतो आणि त्याच्यावर विकणं बेकायदा आहे हे आता सगळ्यांना माहितीय. पण ऑफर लागली नाही तर बिलातला आकडा एमआरपीच्या आतच असतो, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. टॅगवरची किंमत फक्त आपल्या डोक्यात असते, आणि चाळीस वस्तू घेऊन काउंटरला येईपर्यंत ती डोक्यातून गेलेली असते.

त्या दिवसापासून मी बिलं ठेवायला लागले. थर्मल कागदाची बिलं दोन-तीन महिन्यांत पुसट होतात म्हणून मोबाईलमध्ये फोटोही काढते. चार महिन्यांत १४ बिलं झाली, त्यातल्या ५ मध्ये जास्त पैसे लागले होते, सगळे मिळून २६४ रुपये. रक्कम मोठी नाहीये, कबूल, पण आमच्याकडे तेवढ्यात दोन किलो डाळीची सोय होते आणि त्या दुकानात रोज किती लोक येतात याचा विचार केला की ती छोटीही वाटत नाही. एकदा उलटंही झालं, शेंगदाण्याचा एक पुडा स्कॅनच झाला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरून आले. त्यामुळे मी सरळ फसवणूक म्हणणार नाही. पण ६ चुकांपैकी ५ गिऱ्हाइकाच्या खिशातून जात असतील तर दुकानाने आपल्या सिस्टिमकडे नीट बघायला हवं, एवढं म्हणायचा मला हक्क आहे.

चुका होतात कशा हे मी तिथल्याच लोकांना विचारून विचारून समजून घेतलं. टॅग लावणारा एक मुलगा आहे, त्याने सांगितलं, "काकू, ऑफर रात्री बारानंतर सिस्टिममधून उडते, टॅग आम्ही सकाळी काढतो, आमच्यातला एक जण सुट्टीवर असला की दोन-तीन रांगा तशाच राहतात." तुपाचं हेच झालं होतं. टॅगच्या खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात ऑफर कधीपासून कधीपर्यंत ते छापलेलं असतं, मी तीन वर्षांत ते कधी वाचलं नव्हतं, आता वाचते.

हँडवॉशचं वेगळं. एकावर एक फ्री, रिफिल पाउच ९९ ला. मी एक लिंबाचा घेतला एक गुलाबाचा, बिलात दोन्ही ९९, म्हणजे १९८. ऑफर फक्त लिंबाच्या बारकोडवर होती, गुलाबाचा वेगळा बारकोड, पण टॅग लावलेला दोन्हींच्या मधोमध आणि त्यावर वासाचं काहीच लिहिलेलं नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

टूथपेस्टची गोष्ट जास्त गंभीर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, साबण, शाम्पू, केसांचं तेल यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तुपावरचा १२ वरून ५ वर. त्यामुळे एकाच वस्तूचा जुन्या एमआरपीचा माल आणि नव्या एमआरपीचा माल दोन्ही दुकानात, आणि बारकोड मात्र तोच. काउंटरवरच्या मुलीने स्कॅन केलं की तिच्या स्क्रीनवर छोटी खिडकी उघडते, त्यात दोन किमती येतात, ११८ आणि १०५, आणि तिने पाकीट उलटून बघून बरोबर ती निवडायची. शनिवारी संध्याकाळी रांग दरवाजापर्यंत गेलेली असताना ती पाकीट उलटून बघत नाही, पहिली ओळ दाबते आणि पुढे जाते. मी शेजारी उभी राहून बघितलंय हे. माझ्या दोन ट्यूबवर १०५ छापलेलं होतं आणि बिलात ११८ प्रमाणे २३६ लागले. २६ रुपयेच, पण हे छापील एमआरपीच्या वर आहे, इथे ऑफर-बिफरचा प्रश्नच येत नाही.

बाकी दोन किरकोळ होत्या, डिटर्जंटवरची ४० रुपये सूट लागली नाही, आणि लसूण ऑफरमध्ये १२० रुपये किलो असताना वजनकाट्यावरच्या माणसाने दुसऱ्या लसणाचा कोड दाबला, १९६ चा, अर्ध्या किलोला ३८ रुपये जास्त. भाजीचं स्टिकर काट्याजवळच वाचावं, काउंटरला पोचल्यावर कोणाला परत पाठवणार.

पैसे परत मिळतात का, तर मिळतात, पण दर वेळी वेगळा अनुभव. तुपाच्या वेळी हेल्पडेस्कवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, ऑफर कालच संपली." मी म्हटलं मग टॅग आज का आहे, चला दाखवते. त्या आल्या, टॅग बघितला आणि काही न बोलता ६१ रुपये दिले. हँडवॉशच्या वेळी पैशांऐवजी कार्डावर पॉइंट टाकते म्हणाल्या, मी नको म्हटलं, पैसे घेतले होते तर पैसेच द्या, दिले. टूथपेस्टच्या वेळी मात्र बिल चार दिवस जुनं झालं होतं आणि नवीन मॅनेजर ऐकायलाच तयार नव्हते, "काउंटर सोडल्यानंतर आमची जबाबदारी नाही" असं तोंडावर सांगितलं. हे चुकीचं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किमतीबद्दल गिऱ्हाइकाची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिल न देणंसुद्धा त्यातच येतं, आणि काउंटर सोडला की हक्क संपतो असं त्यात कुठेही नाही. मी घरी येऊन १९१५ वर फोन लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बिलाचा आणि ट्यूबवरच्या छापील किमतीचा फोटो तयार ठेवला होता म्हणून सगळं दहा मिनिटांत झालं, तक्रारीचा नंबर मिळाला आणि चौथ्या दिवशी स्टोअरमधून स्वतःहून फोन आला की येऊन पैसे घेऊन जा. एमआरपीच्या वर विकल्याची तक्रार वैधमापन विभागाकडेही (वजनमापं आणि छापील किमती तपासणारं सरकारी खातं) करता येते, तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. आणि लोकांना वाटतं ग्राहक आयोगात जायचं म्हणजे खर्च, तर ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. २०१९ मध्ये चंडीगडला एका माणसाने कागदी पिशवीचे ३ रुपये लावले म्हणून बुटांच्या कंपनीविरुद्ध तक्रार केली होती आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पिशवीवरून आठवलं, बिलाची शेवटची ओळ बघा, मी घरची पिशवी नेऊनही एकदा तिथे पिशवीचे पैसे दिसले होते, सांगितल्यावर तिथल्या तिथे काढले.

आता मी काय करते, तर ऑफरची वस्तू ट्रॉलीत टाकताना टॅगचा फोटो घेते, फक्त ऑफरच्याच, त्या सहसा सात-आठच्या वर नसतात. काउंटरला त्या वस्तू शेवटी ठेवते, म्हणजे बिलात त्या सगळ्या खाली एकत्र येतात आणि शोधाव्या लागत नाहीत. पैसे दिल्यावर दरवाजाकडे न जाता बाजूला पाण्याच्या कूलरपाशी उभं राहून तेवढ्या ओळी वाचते, दोन मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात तिथेच एक आजोबा बिल डोळ्यांजवळ धरून उभे होते, मला म्हणाले, "ताई, चष्मा विसरलो, एवढं वाचून दाखवता का, तांदळावर पन्नास कमी व्हायला हवेत." झाले नव्हते. पाच किलोच्या पिशवीवर टॅग होता, बिलात पूर्ण किंमत. आम्ही दोघं परत गेलो, काउंटरवरच्या मुलीने लगेच माफी मागून पन्नासची नोट दिली, ती मुलगी चांगलीच आहे, तिच्यावर माझा राग नाही. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभं राहून ती किती स्क्रीन वाचणार. दुकान उघडायच्या आधी कोणीतरी स्कॅनर घेऊन ऑफरच्या रांगांमधून एक फेरी मारली तर निम्म्या चुका तिथेच सापडतील, हे मी तिथल्या सूचनांच्या वहीत लिहून आलेय.

५ पैकी ३ देते. मालाचे आणि भावाचे पूर्ण, बिलाचे दोन कापले. १ तारखेनंतर पुढचा किराणा भरायचाय, हँडवॉशचा तो टॅग अजून मधोमधच आहे का ते बघून इथेच लिहिते.