पाण्यातलं दूषण लोकांच्या अंगात किती जातं, मोजायचं कसं? रेकॉर्ड, नळाचं सॅम्पल की लघवीची टेस्ट

पाण्यामुळे आजार होतात का हे तपासणारा अभ्यास करायचाय, बजेट तुटपुंजं असेल आणि कोणती पद्धत धरायची ते कळत नसेल तर आधी एवढंच बघा की दूषण येतंय कुठून, उगमातून की घरातल्या पाइपातून. निम्मा निर्णय तिथेच होतो.

पाणीपुरवठ्याची जुनी रेकॉर्डं सगळ्यात स्वस्त, शिवाय वीस वर्षं मागे जाता येतं, कॅन्सरसारख्या सावकाश होणाऱ्या आजारांसाठी तेच लागतं. नायट्रेटला चालतात. शिशाला उपयोग जवळपास शून्य, कारण प्लँटमधून पाणी चांगलं निघतं आणि शिसं मिसळतं ते बहुतेक घराच्या जुन्या जोडणीत.

म्हणून शिशासाठी नळाचं सॅम्पल, पण ते कधी भरलं यावर सगळा खेळ आहे. रात्रभर पाइपात साचलेलं पहिलं लिटर घेतलं तर आकडा चढा येतो आणि पाच मिनिटं नळ सोडून मग बाटली भरली तर तोच नळ एकदम सज्जन. आणि सॅम्पल कितीही नीट घेतलं तरी कोण किती पितं हे ते सांगत नाही. समजा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे (डब्ल्यूएचओची मर्यादा १०), ६० किलोचा माणूस २ लिटर प्यायला तर किलोमागे दिवसाला साधारण १.७ मायक्रोग्रॅम, उन्हात राबणारा ४ लिटर पितो, त्याचा डोस सरळ डबल! त्यामुळे सोबत प्रश्नावली हवीच: ग्लास किती, फिल्टर आहे का, कामावर कुठलं पाणी पिता. क्लोरिनमुळे तयार होणाऱ्या ट्रायहॅलोमिथेनसाठी तर आंघोळ किती वेळ चालते हेही विचारा, ते वाफेतून आणि कातडीतूनही आत जातं.

लघवी-रक्ताच्या टेस्टचा रुबाब मोठा, अंगात खरंच किती गेलं ते कळतं, पण ते पाण्यातूनच आलं का हे कळत नाही. लघवीतलं आर्सेनिक फक्त मागच्या काही दिवसांचं असतं, नखांतून काही महिन्यांचं कळतं. पीफास (नॉनस्टिकसारख्या वस्तूंत वापरली जाणारी, सहज न मोडणारी रसायनं) यांपैकी पीएफओएसारखी मात्र रक्तात वर्षानुवर्षं टिकतात, तिथे एकदा रक्त घेतलं तरी बरंच कळतं.

खासगी विहिरींतलं आर्सेनिक असेल तर माझं मत: प्रत्येक विहिरीचं सॅम्पल (शेजारशेजारच्या विहिरींतही जमीन-अस्मानाचा फरक निघतो) अधिक प्रश्नावली, आणि पडताळा म्हणून थोड्याच लोकांची लघवी. लॅबला आधीच सांगा की आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून द्या, नाहीतर माशांतलं जवळपास निरुपद्रवी आर्सेनिकही त्यातच मोजलं जातं, आदल्या दिवशी मासे खाल्लेल्यांचा आकडा उगाच वर जातो आणि दोष पाण्यावर येतो.