वॉशिंग्टन की अटलांटा–टस्कीगी? कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या मुलांना कुठे न्यावं

अमेरिकेत वाढणारं मूल दहावी-अकरावीत गेलं की घरात कॉलेजं पाहायला जायचे बेत सुरू होतात. त्याच फेरीत कृष्णवर्णीयांचा इतिहास जिथे घडला त्या जागाही दाखवाव्यात, असं वाटणाऱ्या आईबापांपुढे बहुधा दोन पर्याय येतात: वॉशिंग्टन, नाहीतर अटलांटाहून अलाबामातल्या टस्कीगी विद्यापीठाकडे आणि माँटगोमेरीकडे उतरणारा रस्ता. आम्ही मुलांना घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो. चार दिवसांच्या सुट्टीत एकच जमणार असेल, तर माझं मत आत्ताच सांगते. मुलाला आपली ओढ कशाकडे आहे हे अजून कळलं नसेल, तर अटलांटा–टस्कीगी. कायदा किंवा राजकारणाकडे कल दिसत असेल, किंवा लांबवर गाडी चालवणं जमणार नसेल, तर वॉशिंग्टन.

वॉशिंग्टनला सगळं मेट्रोने होतं. २०१६ साली उघडलेलं आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे, पण ठरावीक वेळेचा पास आधी काढून ठेवावा. लिफ्ट तुम्हाला थेट तळाशी, पंधराव्या शतकात नेते, आणि तिथून गुलामगिरी, यादवी युद्ध, नागरी हक्कांचा लढा असं पाहत पाहत वर चढायचं. मधे एमेट टिलची शवपेटी आहे. १४ वर्षांच्या या कृष्णवर्णीय मुलाला १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलं, आणि लोकांना काय झालं ते दिसू दे म्हणून त्याच्या आईने अंत्यविधीत पेटी उघडी ठेवली. आमचा मुलगा तेव्हा त्याच वयाचा होता. बाहेर आल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ओळखलं जाणारं हॉवर्ड विद्यापीठ १८६७ सालचं. इथल्या लॉ स्कूलमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाताखाली थरगुड मार्शल घडले, १९३३ साली वकील होऊन बाहेर पडले आणि १९५४ साली शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयात हरवून दाखवला. पुढे ते त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. कमला हॅरिसही हॉवर्डच्याच. अडचण एवढीच, की संग्रहालय एका दिवशी आणि हॉवर्ड दुसऱ्या, अशा दोन वेगळ्या सहली होतात. त्यांचा सांधा तुम्हालाच मुलाला जुळवून द्यावा लागतो.

अटलांटात तो जुळलेलाच असतो. मोरहाउस, स्पेलमन आणि क्लार्क अटलांटा ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली तिन्ही कॉलेजं एकमेकांना लागून आहेत. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउसला आले तेव्हा १५ वर्षांचे होते आणि १९४८ साली पदवी घेतली तेव्हा १९ वर्षांचे. १९६० च्या मार्चमध्ये या परिसरातल्या विद्यार्थ्यांनी मानवी हक्कांसाठीचं आवाहन वर्तमानपत्रांत छापून आणलं आणि काही दिवसांत ते शहरातल्या, कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसले. पोरंच होती ती, १९-२० वर्षांची. आमच्या मुलीला पुतळ्यांपेक्षा हे जास्त भिडलं.

मोरहाउसच्या आवारात बेंजामिन मेज यांची समाधी आहे. गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला गांधीजींना भेटून गेला, १९४० पासून २७ वर्षं या कॉलेजचा प्रमुख राहिला, आणि किंग त्यांना गुरू मानत. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनीही अटलांटा विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं. १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते यांनाच, अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीतलं साम्य सांगणारं. हे मुलांना तिथे उभं राहून सांगा.

अटलांटाहून दोन-एक तासांवर टस्कीगी. मराठी घरात कार्व्हरची ओळख करून द्यावी लागत नाही. शाळेच्या वयात त्यांचं चरित्र वाचून भारावलेले आपण कितीतरी जण आहोत. तरी आवारातल्या विटांच्या इमारती पाहताना, त्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः भाजल्या होत्या, हे कळलं की वाचलेलं सगळं खरं होऊन समोर येतं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली संस्था सुरू केली, कार्व्हर १८९६ साली आले आणि १९४३ साली जाईपर्यंत इथेच राहिले. दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. शेती, जीवशास्त्र, इंजिनिअरिंग यांत रस असलेल्या मुलाला इथे एक पूर्ण दिवस द्या.

पुढे चाळीसेक मैलांवर माँटगोमेरी. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली, त्या रात्री अलाबामा स्टेटमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी कॉलेजातल्याच यंत्रावर बसबहिष्काराची हजारो पत्रकं काढली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. इथलंच २०१८ सालचं स्मारक गोऱ्या जमावांनी ठार केलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांसाठी आहे: ८०० हून जास्त पोलादी स्तंभ, आत जाल तसे डोक्यावर लटकत जाणारे. १३-१४ वर्षांच्या मुलांना हे स्मारक आणि तिथलं संग्रहालय एकाच दिवशी दाखवू नये असं मला वाटतं.

एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. ही कॉलेजं कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झाली, पण प्रवेश कुठल्याही वंशाच्या मुलांना आहे; फक्त मोरहाउस मुलग्यांचं आणि स्पेलमन मुलींचं कॉलेज आहे. आणि निघण्याआधी घरातल्या घरात एक बोलणं होऊ दे. रंगावरून आपण जेवणाच्या टेबलावर जे बोलतो ते मुलं ऐकत असतात, आणि तिथे गेल्यावर ते त्यांना आठवतं. आमच्या मुलीने अटलांटातच आम्हाला विचारलं, आजी असं का म्हणते? उत्तर द्यायला आमची तयारी नव्हती.

मेमध्ये सत्र संपतं आणि आवार सुनं पडतं, म्हणून ऑक्टोबर किंवा मार्च बरा. कॉलेजच्या फेऱ्या बहुतेक आठवड्याच्या कामाच्या दिवशी असतात, तेव्हा त्यांची नोंदणी आधी आणि विमानाची तिकिटं नंतर. अलाबामाचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे आहे. परतताना तो तास जातो, विमान गाठायचं असेल तर लक्षात ठेवा. किंग यांचं जन्मघर आणि टस्कीगीचं कार्व्हर संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हेही निघण्याआधी विचारून घ्या.