ऑइल स्पॉट की हेअर्स फर? लोखंडी ग्लेझ निवडताना

काळ्या ग्लेझच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या वाडग्यावर चंदेरी ठिपके (ऑइल स्पॉट) हवेत की काठावरून खाली उतरणाऱ्या तपकिरी रेघा (हेअर्स फर), हे ठरवण्याआधी भांड्याचा आकार बघा. रेघांना उतार लागतो. पसरट ताटलीवर हेअर्स फरचा हट्ट धरू नये. तिथे ऑइल स्पॉटच शोभतं.

दोन्हींचं घराणं एकच: चीनमधल्या फुजिआन प्रांतातल्या, सोंग राजवटीच्या काळातल्या जिआन भट्ट्या. लोखंडयुक्त स्थानिक माती आणि लाकडाची राख यांतून ते ग्लेझ बनायचं. त्यात लोखंडाचं ऑक्साइड साधारण ५ ते ८ टक्के असे. चहाचा शौकीन सम्राट हुइझोंग याची पसंती रेघांच्या वाडग्याला होती. खरा फरक लोखंडाच्या प्रमाणापेक्षा वितळलेलं ग्लेझ किती वाहतं, यात आहे.

ऑइल स्पॉटला ग्लेझ चिकट लागतं, म्हणजे अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त आणि कॅल्शियम बेताचं. भट्टी १२३० अंशांच्या आसपास गेली की ग्लेझमधलं फेरिक ऑक्साइड (लोखंडाचं ऑक्साइड) ऑक्सिजन सोडू लागतं आणि पिठलं रटरटावं तसे बुडबुडे वर येतात. प्रत्येक बुडबुडा सोबत लोखंड घेऊन येतो. तो फुटला की पृष्ठभागावर लोखंडाचा ठिपका उरतो. थर जाडच हवा, नाहीतर ठिपके बारीक राहतात. भट्टी लवकर बंद केली तर बुडबुड्यांचे खड्डे भरत नाहीत, जास्त तापवली तर ठिपके ओघळतात. भट्टी चढताना रिडक्शन दिलं, म्हणजे आतला ऑक्सिजन कमी केला, तर लोखंड आधीच ऑक्सिजन गमावून बसतं आणि नेमक्या वेळी बुडबुडेच येत नाहीत. इलेक्ट्रिक भट्टीत सहसा रिडक्शन नसतं, म्हणून ती वापरणाऱ्यांना मी आधी ऑइल स्पॉटच सुचवेन.

हेअर्स फरमध्ये कॅल्शियमचं काम मोठं. मातीलगतच्या थरात अॅनॉर्थाइट या खनिजाचे स्फटिक बनताना कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम ओढून घेतात. उरलेल्या द्रवात लोखंडाचे थेंब वेगळे होतात, वर येतात आणि उतारावरून घसरत रेघा होतात. राखेतला फॉस्फरस थेंब असे वेगळे व्हायला मदत करतो. थंड होताना त्या रेघांत लोखंडाचे स्फटिक धरतात. २०१४ च्या एका अभ्यासात जुन्या जिआन वाडग्यांवर एप्सिलॉन आयर्न ऑक्साइड हे दुर्मीळ रूप सापडलं. रेघांत ते हेमॅटाइट या लोखंडाच्या नेहमीच्या ऑक्साइडमध्ये थोडं मिसळलेलं होतं, ठिपक्यांत मात्र भरपूर आणि जवळजवळ शुद्ध. मला हे फार विलक्षण वाटतं.

माती दोन्हींसाठी गडद घ्या. जिआनची माती स्वतःच लोखंडानं भरलेली होती आणि भाजताना त्यातलं काही ग्लेझमध्ये उतरायचं. पांढऱ्या पोर्सेलीनवर तेवढी खोली येत नाही.

हेअर्स फर ठरलं, तर भांड्याचा पाया आणि त्यावरचा बोटभर भाग कोरा सोडा. चाचणीच्या टाइल उभ्या भाजा, खाली मातीची चकती ठेवा आणि एक टाइल वरच्या शेल्फवर, एक खालच्या शेल्फवर लावा. तापमानातल्या थोड्याशा फरकानंही ठिपक्यांच्या रेघा होतात.