घाणेरी काढायची कशी : जेसीबी, ग्रासकटर की कुदळ?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांच्या मालकीचे थोडेफार रान आहे, त्यांची घाणेरी आणि रानमोडी या अमेरिकेतून आलेल्या झुडपांशी कधी ना कधी गाठ पडतेच, आणि तेव्हा पहिला सल्ला मिळतो तो जेसीबी लावण्याचा. एका दिवसात जमीन मोकळी दिसते हे खरे. परंतु उतारावरची सैल झालेली माती पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला लागते, झुडपांच्या आडोशाने वाढणारी ऐन-किंजळ या देशी झाडांची रोपेही त्याच फटक्यात उपटली जातात, आणि उघड्या पडलेल्या जागेत रानमोडी पुन्हा जोमाने उगवते. शिवाय ऐन, किंजळ, खैर ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने खासगी जमिनीतही ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

बागेच्या बेणणीमुळे, म्हणजे गवत-तण कापण्यामुळे, ग्रासकटर सवयीचा असतो, आणि दाट जाळीत वाट पाडण्यासाठी तो उपयोगीही पडतो. मात्र घाणेरी वरून छाटली की पाऊस पडताच खुंटाला चहूबाजूंनी धुमारे फुटतात, आणि पुढच्या वर्षी जाळी आधीपेक्षा दाट झालेली असते. कोयतीनेही तेच होते. जाळणे तर त्याहून वाईट, कारण आगीत मरतात ती देशी रोपे आणि घाणेरी बुंध्यातून परत येते.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत मला अधिक पटते. कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मुख्य मूळ तोडायचे, आणि झुडूप उचलून मुळे वर येतील असे उलटे ठेवायचे, म्हणजे ते मातीत पुन्हा मूळ धरत नाही. काम संथ आहे, हातमोजे न घातल्यास काटे बोटांत मोडतात, पण आजूबाजूची माती हलत नाही. रानमोडीला इतका खटाटोप लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ओल असताना आणि फुलोऱ्यापूर्वी, ती हाताने उपटता येते. एकदा फुलली की तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते.

तणनाशकाचा मार्ग ओढ्या-विहिरीजवळच्या रानात मी सुचवणार नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली आहे. शेळ्या सोडून रान साफ होईल, ही आशाही व्यर्थ आहे, कारण घाणेरीचा पाला गुरांना आणि शेळ्यांना विषारी असतो.

एक-दोन एकर असतील तर सरळ कुदळच धरावी. क्षेत्र मोठे असल्यास ग्रासकटरने पट्टे मोकळे करून, धुमारे फुटण्याआधी त्याच पट्ट्यांत कुदळ चालवावी, आणि जेवढे खणून होईल तेवढेच त्या हंगामात छाटावे. पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात घाणेरीची नवी रोपे उपटण्याची मजुरी आधीच हिशेबात धरावी. ही रोपे शोधायची कुठे, तर बुलबुल ज्या फांद्यांवर बसतात त्या झाडांच्या बुडाशी, कारण घाणेरीची काळी फळे खाऊन ते बी तिथेच टाकतात.