गंज काढायचं लिक्विड आणि आजोबांची चावीची आगगाडी: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो, लिक्विड चांगलं आहे. पाचपैकी चार. कापलेला एक गुण बाटलीवरच्या सूचनांच्या खात्यावर घाला. त्यात जे लिहायला हवं होतं ते मला माल खराब करून शिकावं लागलं.

आजोबा कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. गेल्या वर्षी जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत हॉर्नबी या ब्रिटिश खेळणी कंपनीची चावीची गाडी निघाली. ओ गेज, म्हणजे दोन रुळांत 32 मिलिमीटर अंतर. (बार्शी लाइटचं 762 होतं. ट्रंकेतली गाडी ज्या कापडात गुंडाळली होती ते बघता आजोबांना हीच जास्त लाडकी असावी.) इंजिन, टेंडर (इंजिनामागचा कोळशाचा डबा), तीन डबे आणि बावीस तुकडे रूळ. माळा गळका, त्यामुळं रूळ हातात धरले की बोटं विटकरी व्हायची.

सुरुवात स्वयंपाकघरातून केली आणि तिथंच दोन चाकं घालवली. एक्सल गंजले होते म्हणून चाकांसकट व्हिनेगरमध्ये टाकले. बुडबुडे यायला लागल्यावर मी खूश, काम चाललंय म्हणून. पण एक्सल लोखंडाचा असला तरी चाकं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची होती, आणि ॲसिड गंज सोडून जस्तच खात बसलं होतं. सकाळी चाकांची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. लिंबूसत्त्वात टाकलेलं पितळी दातेरी चाक तर चक्क गुलाबी होऊन बाहेर आलं. तेव्हापासून प्रत्येक भाग सुटा करतो आणि चुंबक लावून बघतो. चिकटला तरच बुडवायचा.

मग हे लिक्विड मागवलं. लिटरला नऊशेच्या आसपास पडलं. हे ॲसिडच्या जातीचं नाही. गंजातलं लोखंड तेवढं धरून ठेवतं आणि खालच्या धातूला सहसा हात लावत नाही. वास नाही, हात भाजत नाहीत, आणि घासायचं काम जवळजवळ नाही. रात्री टाकलेला एक्सल सकाळी करड्या रंगाचा निघतो, वर काळपट साय असते ती जुन्या टूथब्रशनं जाते.

पण भाग पूर्ण बुडला पाहिजे. मी लांब रूळ उभा ठेवला होता, चार बोटं बाहेर. जिथं लिक्विडची पातळी होती नेमकी तिथं काळी रेघ कोरली गेली, ती आजही नखाला लागते. आता पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतलाय, एका तोंडाला टोपण बसवून. रूळ त्यात आख्खा उतरतो आणि लिक्विडही कमी लागतं.

खरी डोकेदुखी रुळांचीच. हे रूळ भरीव नसतात, पत्रा दुमडून केलेले पोकळ असतात आणि एका टोकाला जोडायची पिन. धुतले, पुसले, चकचकीत दिसले म्हणून कपाटात ठेवले. आठ दिवसांनी बघतो तर दुमडीच्या फटीतून तपकिरी ओघळ. पाणी आतच राहिलं होतं. त्यात आमचं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग. शेजारी अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, त्यांनी रूळ हातात घेऊन हलवला, कानाशी धरला आणि म्हणाले, "मालक, आत पाणी वाजतंय की ओ. झटका, मग डिझेल सोडा आतनं." डिझेलचा वास घरात नको म्हणून मी शिलाई मशीनचं तेल सिरिंजनं सोडतो. धुवायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर. मे महिन्यात गच्चीवर ताटात मांडले की तासाभरात कडक वाळायचे, सोलापूरचं ऊन एकदाचं कामी आलं. ऑगस्टमध्ये मात्र हेअर ड्रायर लागला, आणि घरात बोलणी खाल्ली.

डब्यांच्या रंगाबद्दल सावध करतो. बाटलीवर 'रंगाला सुरक्षित' असं आहे आणि ते खोटं नाही. पण जिथं रंगाखाली गंज पोचला होता तिथं रंग गंजावरच उभा होता. गंज गेला, रंगही पापुद्र्यासारखा सुटला. एका डब्याची खिडकी अशीच गेली. उरलेले दोन डबे मी बुडवलेच नाहीत. कापसाच्या बोळ्यानं कडेकडेनं लावतो आणि बोळा सुकू देत नाही. चावीची स्प्रिंग तर कशातच घातली नाही. तिला फक्त तेल आणि चिंधी.

एका लिटरमध्ये बावीस रूळ, सगळे एक्सल आणि इंजिनाच्या खालची चौकट झाली. सुरुवातीला फिकट असलेलं लिक्विड शेवटी चहाच्या चोथ्यासारखं काळं पडलं, एका रात्रीचं काम तीन रात्री घ्यायला लागलं, तेव्हा टाकून दिलं. उन्हाळ्यात झाकण नीट लावा, उडून जातं. थंडीत काम मंदावतं, तेव्हा डबा कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला तर फरक पडतो.

आता गाडी हॉलमध्ये एक वेढा पूर्ण करते. दुसरी बाटली मागवलीय, अर्ध्या लिटरची, कारण राहिलेत फक्त डबे जोडायचे हुक आणि टेंडरचा तळ. टेंडरच्या तळावर आजोबांनी खिळ्यानं कोरलेली तारीख आहे. तिथं बोळाच वापरणार.