बारा हजारांत पंधरा हजारांचा किराणा म्हणे! या कार्डापासून लांब राहा

"वर्षभराचा किराणा आत्ताच भरून टाका, तीन हजार वाचवा" असं कार्ड तुमच्या जवळच्या सुपरमार्केटात कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. माझ्या नावावर १२,००० आणि सासूबाईंच्या नावावर १२,००० असे २४,००० भरले, त्यात १०,००० चा माल घरात आला, उरलेले १४,००० गेले. अ‍ॅपमध्ये अजूनही दोन्ही कार्डांवर मिळून २०,००० बॅलन्स दिसतो. अ‍ॅप उघडतं, दुकान उघडत नाही.

स्कीम काय ते तुम्हाला सांगायला नकोच, नेहमीचीच. १२,००० भरा, १५,००० चा बॅलन्स मिळेल, पण महिन्याला १,२५० च वापरायचे. ही लिमिट कशासाठी ते आता कळतंय. सगळे एकदम माल उचलायला आले तर याचं गाडं चालणार कसं? नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना साखर-तेल द्यायचं, नवीन यायचे थांबले की शटर खाली.

आता लगेच "लोभ नडला" म्हणणाऱ्यांसाठी. घरात पाच माणसं आहेत, एक पगार आणि माझ्या शिकवण्या. आमचं खाणं गेली कित्येक वर्षं ऑफर बघूनच चालतं आणि त्यात मला लाज वाटत नाही. बुधवारची स्वस्त भाजी, रात्री दुकान बंद व्हायच्या आधी निम्म्या किमतीत निघणारं पनीर (तारीख त्याच दिवशीची असते, घरी आणून लगेच भाजी करून टाकायची), एकावर एक फ्री पोहे, आणि ज्या आठवड्यात जी डाळ स्वस्त त्या आठवड्यात तीच आमटी. मी तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचणारी बाई आहे हो! एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि ऑफरमधली पिशवी दिसायला लिटरचीच, पण मागे बारीक अक्षरात ८०० नाहीतर ८५० ग्रॅम. पाकिटावर प्रति ग्रॅम नाहीतर प्रति किलो भाव छापलेला असतो तो बघत जा, एमआरपीवर ४० टक्के सूट वगैरे सगळं झूट आहे, एमआरपी कंपनीच छापते, ती वाढवून छापली की सूट द्यायला काय जातंय. तर एवढं बघणारी मी. मला भोळी म्हणू नका.

आणि दुकान काय पत्र्याच्या शेडमधलं नव्हतं. पाटी मोठ्या नावाची होती, नाव घेत नाही, एसी, ट्रॉल्या, बिलिंगला चार काउंटर. कार्ड घेतल्यावर पहिल्या महिन्यात माल व्यवस्थित मिळाला. मग मीच शेजारच्या काकूंना सांगितलं, त्यांनी घेतलं, त्यांच्या सुनेनं घेतलं. ते आठवलं की अजून जिन्यात त्या समोरून आल्या तर मी मोबाईल कानाला लावते.

आता जे सांगणार आहे त्यावरून मला रात्री झोप लागत नाही. सासूबाईंचं कार्ड काढताना मी म्हटलं डेबिट कार्डानं भरते, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ताई, मशीन डाऊन आहे, हा क्यूआर मारा." दुकानाचा नेहमीचा क्यूआर काउंटरला चिकटवलेला होता, तो नाही, यानं ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेला वेगळाच काढला. मी स्कॅन केला, आणि स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही, एका माणसाचं नाव. नाव, आडनाव, सगळं स्पष्ट. मी विचारलंसुद्धा! "हे कोण?" म्हणून. तो म्हणाला "मालकांचं पर्सनल आहे, जीएसटीचं काहीतरी चालू आहे म्हणून." आणि मी पिन टाकला. सहा आकडे. मागे रांग होती, एक आजोबा "अहो आवरा" म्हणत होते, सासूबाई पाय दुखतात म्हणून तांदळाच्या पोत्यावर बसलेल्या, आणि खरं सांगायचं तर आपल्या भाजीवाल्याचा क्यूआर त्याच्या बायकोच्या नावाचा असतो, दूधवाल्याचा भाच्याच्या, इस्त्रीवाल्याचा कुणाचा ते देवालाच माहीत, आपण सगळे रोज असेच पैसे देतो, कोण बघतं? पण भाजीला चाळीस रुपये जातात आणि इथे बारा हजार होते. त्या नावाकडे मी नीट बघत होते आणि तरी अंगठा पुढे गेला. पावती म्हणून काय मिळालं, तर बिल नाहीच, छापील कार्डावर रबरी शिक्का.

नंतर खुणा दिसतच होत्या. तूरडाळीचं रॅक रिकामं, "माल येतोय". फिनेल आणि फरसाण मात्र छताला टेकलेलं. कार्डावर घेतलं की इतर कुठलीच ऑफर लागत नाही हेही तेव्हाच कळलं, म्हणजे जी साखर बाहेर रोखीनं स्वस्त ती कार्डावर पूर्ण एमआरपीला, म्हणजे ते १०,००० सुद्धा खरे १०,००० नव्हतेच. मग "सॉफ्टवेअर अपडेट सुरू आहे". मग कुलूप.

मोठ्या पाटीवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन केला तर फार गोड आवाजात उत्तर, "मॅम, ती फ्रँचायझी होती, आमच्याशी करार संपलेला आहे, आणि ही स्कीम आमची नाहीच." मग अ‍ॅपवर तुमचा लोगो कसा? "मॅम, मी वरिष्ठांना कळवते." अजून कळवतेच आहे.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं दुकान बंद करून माणूस पळालाय, यात सिव्हिल काय? तर म्हणे "मॅडम, तुम्ही दहा हजारांचा माल घेतलाय ना, मग फसवणूक कशी, सेवा तर मिळाली." मग म्हणाले आर्थिक गुन्ह्यांकडे जा. तिथे म्हणाले रक्कम छोटी आहे, बरेच जण एकत्र या. एकत्र आलो तर म्हणाले आधी तुमच्या हद्दीच्या चौकीत अर्ज द्या, म्हणजे परत तिथेच, आणि तिथे आता साहेब बदललेले, त्यांना पहिल्यापासून सांगा. सायबरवाल्यांनी सांगितलं, दुकानात उभं राहून स्वतः पिन टाकलात, हा सायबर गुन्हाच नाही. बँकेनंही तेच ऐकवलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, अनधिकृत असता तर बघितलं असतं. वर काउंटरवरची मुलगी म्हणते, "नाव दिसलं होतं ना तुम्हाला?" हो दिसलं होतं! त्या नावाचा खातेदार तुमच्याच बँकेचा आहे, केवायसी तुमच्याकडे, पत्ता तुमच्याकडे, मग सांगा ना कुठे राहतो तो. तर प्रायव्हसी. चोराची प्रायव्हसी सगळे सांभाळतात, माझं आधार कार्ड मात्र प्रत्येक टेबलावर झेरॉक्ससकट द्यायचं. प्रत्येक ठिकाणी अर्ज वेगळा, "प्रति, माननीय" पासून सुरू, आणि पोच मागितली की तोंड वाकडं. पोच घ्याच. शिक्का आणि तारीख असलेली, नाहीतर अर्ज दिलाच नाही असं होतं.

एक उपयोगाचं. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर कुणाचाही जीएसटी नंबर टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू की रद्द ते फुकट दिसतं, लॉगिन लागत नाही. पंधरा अक्षरांचा नंबर, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. मी जुन्या किराणा बिलावरचा टाकला, नोंदणी रद्द. हे पैसे भरायच्या आधी बघायचं असतं, मला कुणी सांगितलं नाही, तुम्हाला मी सांगतेय. आणि ती बिलं थर्मल कागदाची असतात, शाई उडते, माझं पहिलं बिल आत्ताच कोरं पडलंय. घरी आल्याबरोबर फोटो काढा.

दुकानदाराच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली ती "पत्ता सोडून गेले" म्हणून परत आली. ते पाकीट फोडू नका, तसंच पुरावा म्हणून लागतं. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचंय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्रही जाता येतं, आणि इथेच घोडं अडलंय. आमच्याच सोसायटीतल्या बायका नाव द्यायला तयार नाहीत, कारण घरी सांगितलेलंच नाही. एकीनं तर मला तोंडावर सांगितलं, "माझं कार्ड नव्हतंच." मी स्वतः पाहिलंय तिच्या हातात! अहो, नाव नको तर नको, निदान त्या शिक्क्याच्या पावतीची झेरॉक्स तरी द्या.