आधी क्रॅक, मग खरेदी? की सरळ रिफंडचा रस्ता?

‘आवडला तर घेईनच’ असं म्हणत मी एके काळी ढीगभर क्रॅक गेम, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या चोरट्या प्रती, उतरवले. त्यातले नंतर विकत घेतले मोजून तीन. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोवळेपणाचं वाटायला नको.

क्रॅकच्या बाजूनं बोलायचं तर अख्खा गेम मिळतो, वेळेचं बंधन नाही, खर्च शून्य. आपल्या ग्राफिक्स कार्डला तो झेपतो का, याचा अंदाजही येतो. पण अंदाजच. क्रॅक बहुधा जुन्या आवृत्तीचा असतो, नंतरचे पॅच (दुरुस्त्या) नसतात, ऑनलाइन खेळणं सहसा बंद. कधी कधी तर बिघाड मुद्दाम पेरलेला असतो. ‘बॅटमॅन: अर्कम असायलम’च्या (2009) चोरट्या प्रतीत बॅटमॅनला केप पसरून नीट तरंगताच येत नव्हतं. ‘गेम डेव्ह टायकून’वाल्यांनी 2013 मध्ये स्वतःच एक ‘क्रॅक’ प्रत सोडली. तिच्यात तुमच्या काल्पनिक कंपनीचे गेम लोक चोरतात आणि कंपनी बुडते! त्यावर काही खेळाडूंनी, ही चोरी थांबवायची कशी, असं गंभीरपणे विचारलं होतं. अशी प्रत खेळून ‘गेम फालतू आहे’ ठरवणाऱ्यानं नेमका कुठला गेम पाहिला?

शिवाय रिपॅकसोबतची (आकार कमी करून बांधलेल्या क्रॅक प्रतीसोबतची) पहिली सूचना ठरलेली: अँटिव्हायरस बंद करा. मी निमूट करायचो. एका रात्री गेम बंद असूनही पंखा घरघरत राहिला. पाहतो तर प्रोसेसर 90 टक्क्यांवर. माझ्या विजेवर दुसराच कोणी क्रिप्टो नाणी खणत होता.

आता रिफंड. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून साधा नियम आहे: खरेदीला 14 दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर कुठल्याही कारणानं पैसे परत मागता येतात. आपल्या मशीनवर गेम अडखळतो का, हे कळायला तेवढा वेळ पुरतो, आणि तपासता तीच वस्तू जी घेणार आहात. मात्र मेन्यूत सेटिंग चाळत बसलात तरी घड्याळ चालूच असतं. गॉग या दुसऱ्या दुकानात तर 30 दिवसांची मुदत आहे, आणि तिथले गेम डीआरएमशिवाय, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाशिवाय मिळतात. सगळीकडे मात्र असं नाही. प्लेस्टेशनच्या दुकानात डाउनलोड सुरू केलंत की पैसे परत मिळणं अवघडच.

डेमो फुकट आणि निर्धोक. पण ते हत्तीचे दाखवायचे दात.

खरी अडचण लांबलचक रोल-प्लेइंग गेमची. साठ तासांच्या गेममध्ये दोन तासांत जेमतेम प्रस्तावना संपते. तिथे गेम पाससारखं, दरमहा पैसे भरून बरेच गेम खेळू देणारं सदस्यत्व एका महिन्यापुरतं घ्यावं, गेम त्यात असेल तर. नसेल तर कोणीतरी तो खेळतानाचा न कापलेला तासाभराचा व्हिडिओ पाहावा आणि सेलची वाट बघावी.

कुठेच विकत न मिळणाऱ्या जुन्या गेमबाबत मीही डळमळतो, पण तिथे खरेदीचा प्रश्नच नसतो.

माझ्या त्या तीन खरेद्यांपैकी एक गेम मी क्रॅकवर तीस तास खेळलो होतो. मग घेतला, मोठ्या मनानं. जुनी सेव्ह फाइल नव्या प्रतीत उघडेना, आणि पहिल्यापासून खेळायचा उत्साह उरलेला नव्हता. माझ्या खात्यावर त्या गेमपुढे आजही अकरा मिनिटं दिसतात.